हंटिंग्टनच्या प्रयोगशाळेत मोजला जाणारा आकडा: पार्श्वभूमी

हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजारावर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत नवा संशोधन सहाय्यक रुजू झाला की लवकरच त्याच्या हातात मोजणीचं काम येतं. नमुन्यातून डीएनए काढायचा, पीसीआर लावायचा (म्हणजे हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढायच्या) आणि चौथ्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात सीएजी ही डीएनएची तीन अक्षरं लागोपाठ किती वेळा आली आहेत ते बघायचं. २६ पर्यंत असतील तर काळजी नाही. ३६ ते ३९ असतील तर काहींना आजार होतो, काहींना होत नाही. ४० किंवा त्याहून जास्त असतील, तर पुरेसं आयुष्य लाभलेल्या माणसाला तो गाठतोच. ट्यूबवर नाव नसतं, नुसता क्रमांक असतो. तरी पडद्यावर ४४ दिसलं की माझा हात अजूनही थबकतो.

हा आकडा हाती यायला शंभरहून जास्त वर्षं लागली.

जॉर्ज हंटिंग्टन लहान असताना वडिलांबरोबर घोडागाडीतून जात होता. अमेरिकेतल्या लाँग आयलंडवरच्या रानवाटेवर त्याला दोन बायका दिसल्या. मायलेकी, दोघीही उंच, हाडकुळ्या, अंगाला सतत आळेपिळे देणाऱ्या. ते दृश्य त्याच्या मनातून गेलं नाही. वडील आणि आजोबा त्याच भागात डॉक्टर होते, त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी त्याला वाचायला मिळाल्या. १८७२ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याने लेख लिहिला. आई किंवा वडिलांना आजार असेल तर मुलांना होऊ शकतो, पण एखादं मूल त्यातून सुटलं तर त्याच्यापुढच्या पिढ्याही सुटतात, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. मेंडेलच्या नियमांकडे जगाचं लक्ष जायला तेव्हा अजून अठ्ठावीस वर्षं होती! घरोघरच्या नोंदी नीट ठेवल्या की काय हाती लागतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

पुढची कितीतरी दशकं डॉक्टर एवढंच सांगू शकत होते: शक्यता निम्मी. लक्षणं बहुधा तिशी ते पन्नाशीत दिसतात, आणि तोवर मुलंबाळं झालेली असतात.

कोंडी फुटली ती व्हेनेझुएलात. माराकाइबो सरोवराकाठच्या वस्त्यांमध्ये हा आजार विलक्षण प्रमाणात आहे, हे अमेरिको नेग्रेते या डॉक्टरांनी १९५०च्या दशकातच नोंदवलं होतं. नॅन्सी वेक्सलर १९८१ पासून पथक घेऊन दरवर्षी तिथे जाऊ लागल्या. त्यांची आई याच आजाराने गेलेली, त्यामुळे धोका त्यांनाही होता. बाहेरून आलेल्या बाईच्या घराण्यातही हा आजार असेल, यावर लोकांचा विश्वास बसेना. तेव्हा सोबतच्या परिचारिकेने त्यांचा हात धरून दंडावरचा व्रण सगळ्यांना दाखवला. तपासणीसाठी त्वचेचा तुकडा वेक्सलर यांनी स्वतःही दिलेला होता. पुढे हजारोंनी रक्त दिलं, आणि वंशावळीत अठरा हजारांवर माणसं नोंदली गेली.

ते रक्त बॉस्टनला जेम्स गुसेला यांच्या प्रयोगशाळेत जायचं. तिथलं काम आजच्यासारखं अर्ध्या दिवसात उरकणारं नव्हतं. डीएनए विकराने (एन्झाइमने) कापायचा, जेलमधून पळवायचा, पटलावर उतरवायचा, किरणोत्सारी फॉस्फरस लावलेला प्रोब, म्हणजे ठरावीक जागी चिकटणारा डीएनएचा तुकडा, त्यावर सोडायचा आणि क्ष-किरण फिल्मवर पट्टे उमटायची दिवसच्या दिवस वाट बघायची. एका प्रोबसाठी एवढं, आणि असे शेकडो लागतील अशी धास्ती होती. पहिल्या डझनभरातच जी८ हा प्रोब आजाराबरोबर चालताना सापडला, म्हणजे त्याने दाखवलेली खूण घराण्यात आजाराच्या सोबतीनेच पुढे जात होती. १९८३ मध्ये कळलं की जनुक चौथ्या गुणसूत्रावर आहे. प्रत्यक्ष जनुक हाती यायला मात्र आणखी दहा वर्षं गेली. मार्च १९९३ मध्ये सहा गटांतल्या अठ्ठावन्न संशोधकांनी मिळून ते जाहीर केलं, आणि आज आपण मोजतो तो आकडा तेव्हा जन्माला आला. जगभरची चाचणी माराकाइबोच्या त्या कुटुंबांच्या रक्तावर उभी आहे. त्यांच्या वाट्याला त्यातलं फार थोडं आलं, आणि हे देणं अजून फिटलेलं नाही.

१९९६ मध्ये गिलियन बेट्स यांच्या गटाने माणसाच्या या जनुकाचा तुकडा घातलेला आर६/२ उंदीर तयार केला आणि सहाय्यकाच्या कामात पिंजरे आले. कानाचा किंवा शेपटीचा बारीक तुकडा घेऊन प्रत्येक पिल्लाची तपासणी करावी लागते. नुसतं ‘जनुक आहे’ एवढं लिहून भागत नाही. पिढीगणिक सीएजीची संख्या सरकते. ती मोजली नाही तर दोन वर्षांपूर्वीचे उंदीर आणि आजचे उंदीर यांची तुलनाच फसते.

ही संख्या एकाच माणसाच्या शरीरातही सरकते. जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मेंदूतल्या एकेका पेशीची मोजणी झाली. जन्मतः चाळीस-पंचेचाळीस असलेली पुनरावृत्ती स्ट्रायटम या मेंदूच्या आतल्या भागातल्या चेतापेशींत वर्षानुवर्षं वाढत जाते आणि दीडशेच्या पुढे गेल्यावर पेशी ढासळू लागतात, असं त्यात दिसलं. म्हणजे रक्तातला ४४ मेंदूतल्या त्या पेशीत ४४ राहिलेला नसतो.

पीसीआरच्या आलेखात एक उंच शिखर येतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बुटकी शिखरं. डावीकडची बरीचशी, पीसीआरच्या विकराचा पाय अक्षरांवरून घसरल्याची खूण असतात. नेहमीच्या मोजणीत उंच शिखराचा आकडा टिपला की काम झालं. वाढ अभ्यासायची असेल तर उजवीकडची बुटकी शिखरं एकेक करून मोजावी लागतात, त्यांची उंची वहीत उतरवावी लागते, आणि सध्या माझ्या दिवसाचा बराच वेळ तिथेच जातो.