त्रैक्य, पवित्र (गोव्यातील उपासना व परिभाषा)

ईश्वर एकच असून तो पिता, पुत्र व पवित्र आत्मा या तीन व्यक्तींत आहे, हा ख्रिस्ती धर्माचा मूलभूत सिद्धांत. 'त्रैक्य' हा शब्द बायबलमध्ये नाही. 'त्रिनितास' ही लॅटिन संज्ञा तर्तुलियनने इ. स. २०० च्या सुमारास रूढ केली आणि ३२५ ची नायसीया व ३८१ ची कॉन्स्टँटिनोपल या धर्मपरिषदांनी सिद्धांताला आजचे रूप दिले. तीन व्यक्ती म्हणजे तीन देव नव्हेत, तसेच एकाच देवाने घेतलेली तीन सोंगेही नव्हेत. बुद्धीला हे पुरते उकलत नाही, म्हणून चर्च त्याला 'रहस्य' म्हणते. मराठीत 'त्रित्व' असाही शब्द आढळतो. पण त्यात तिघेच उरतात. 'त्रैक्य' (त्रि + ऐक्य) मध्ये दोन्ही बाजू सांभाळल्या जातात, म्हणून तो अधिक सयुक्तिक.

गोव्यात हा सिद्धांत सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर आला. बार्देश तालुक्यात फ्रान्सिस्कन आणि साष्टी तालुक्यात जेझुइट या कॅथलिक संघांचे धर्मप्रसारक काम करीत. तीन व्यक्तींची नावे स्थानिक भाषेत कशी सांगायची, हा पेच त्यांच्यापुढे होता. 'देव' आणि 'बाप' हे शब्द घेण्यास अडचण आली नाही, 'पुत्र'ही चालला. अडले ते तिसऱ्या व्यक्तीपाशी. 'आत्मा' म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात जीवात्मा-परमात्मा, पुनर्जन्म असा सगळा पसारा उभा राहणार. अशा शब्दाचा फटका जेझुइटांना जपानात बसला होता. तेथे फ्रान्सिस झेवियरने देवासाठी आरंभी 'दाइनिची' हे बौद्ध नाव वापरले आणि चूक ध्यानी आल्यावर ते टाकून 'देऊस' हा लॅटिन शब्द स्वीकारला. गोव्यात मग 'स्पिरितु सांतु' तसाच ठेवला गेला आणि कोकणी जिभेवर त्याचा 'इस्पिरित सांत' झाला.

या संदर्भात महत्त्वाचा ग्रंथ म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) यांचे क्रिस्तपुराण. हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यास आले आणि त्यांचे बरेचसे आयुष्य साष्टीत गेले. सुमारे ११,००० ओव्यांचे हे मराठी पुराण १६१६ मध्ये रायतूर (राशोल) येथे रोमन लिपीत छापले गेले. पुढे १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या आवृत्त्या निघाल्या. भाषा मराठी असली, तरी सामान्यांना कळावे म्हणून तीत कोकणी शब्द मिसळल्याचे कवी स्वतःच सांगतो. 'वो नमो विश्वभरिता' असा आरंभ करून तो लगेच 'देवा बापा' अशी हाक मारतो. पहिल्या दोन शब्दांत मराठी ग्रंथकारांच्या मंगलाचरणाचा घाट आहे. पुढच्या दोन शब्दांत त्रैक्यातील पहिली व्यक्ती.

या पुराणाच्या मूळ परिभाषेबद्दल मतभेद आहेत. तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही, त्यामुळे सारा वाद हस्तलिखितांवर चालतो. जे. एल. साल्डाना यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथे काढलेल्या रोमन आवृत्तीत धर्मविषयक संज्ञा मुख्यतः पोर्तुगीज-लॅटिन आहेत. लंडनमधील मार्सडेन संग्रहातील देवनागरी हस्तलिखितात मात्र अशा जागी बहुधा संस्कृत शब्द येतात. १९२० च्या दशकात हे हस्तलिखित उजेडात आणणारे जस्टिन ॲबट यांनी देवनागरी संहिताच मूळ मानली. ओवीच्या लयीत संस्कृत शब्द अधिक सहज बसतात, हा युक्तिवाद त्या बाजूने केला जातो. तो वजनदार आहे, पण निर्णायक नाही. लय सुधारणारा नंतरचा जाणकार लेखकही असू शकतो. त्या काळच्या जेझुइटांचा कल पाहता पोर्तुगीज संज्ञा आधीच्या असाव्यात, हे मत अधिक संभाव्य वाटते. शांताराम बंडेलू यांच्या १९५६ च्या देवनागरी आवृत्तीमुळे हे पुराण मराठी वाचकांना सुलभ झाले.

१६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला. ख्रिस्ती मराठी लेखनाची परंपरा पुढे क्षीण झाली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) मिस्सा (चर्चमधील मुख्य सामुदायिक उपासना) कोकणीत होऊ लागली आणि साडेतीनशे वर्षे टाळलेला 'आत्मा' अखेर 'पवित्र आत्मो' होऊन प्रार्थनेत आला. खुरसाची (क्रुसाची) खूण करताना आज 'बापाच्या, पुताच्या आनी पवित्र आत्म्याच्या नांवान' असे म्हणतात. 'इस्पिरित सांत' जुन्या वळणाच्या तोंडी अजून ऐकू येतो.

त्रैक्याचा सण पेंटेकॉस्टनंतरच्या (पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणानंतरच्या) रविवारी येतो. पोप बाविसावे जॉन यांनी १३३४ मध्ये तो सर्व पाश्चात्त्य चर्चसाठी लागू केला. गोव्यात हा रविवार बहुधा मृगाच्या आगेमागे पडतो (२०२५ मध्ये १५ जून). बार्देशातील नागोवा व साष्टीतील बाणावली येथे त्रैक्याच्या नावाची चर्च आहेत. रोजच्या धर्मजीवनात हा सिद्धांत ठळकपणे कानी पडतो तो लादाईनीत. मे महिन्यात संध्याकाळी वाड्यावरच्या खुरसाला फुले घालून, मेणबत्त्या लावून व्हायोलिनच्या साथीने ही लॅटिन स्तोत्रमाला गातात. पिता, पुत्र, आत्मा आणि शेवटी 'सांक्ता त्रिनितास, उनुस देऊस' या चार हाकांना जमाव 'मिझेरेरे नोबिस' (आम्हांवर दया कर) असे उत्तर देतो. पाचवी हाक मारियेची. तिथून उत्तर बदलते आणि 'ओरा प्रो नोबिस' (आमच्यासाठी विनंती कर) सुरू होते. देवाकडे दया मागायची, संतांकडे फक्त रदबदली, हा भेद लॅटिनचे अक्षर न कळणाऱ्यालाही असा पाठ असतो. नंतर उकडलेले चणे वाटतात, कोठे फेणीही.

चित्र-शिल्पांत पिता वृद्ध पुरुषाच्या व आत्मा कबुतराच्या रूपात दाखवतात. जुन्या गोव्यातील बॉम जेझस बासिलिकेत (१६०५) मुख्य वेदीवरील जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांची नजर 'आय एच एस' या (येशूच्या ग्रीक नावातील) अक्षरांच्या सोनेरी वर्तुळाकडे लागलेली आहे आणि त्याच्याही वर त्रैक्य आहे. दत्ताच्या तीन शिरांची सवय असलेल्या मराठी वाचकाला त्रैक्य म्हणजे त्रिमूर्तीच वाटण्याचा संभव असतो. परंतु उत्पत्ती, स्थिती, लय अशी कामांची वाटणी त्रैक्यात नाही. युरोपात मध्ययुगात प्रचलित झालेली तीन तोंडांची त्रैक्यप्रतिमा पोप आठवे अर्बन यांनी १६२८ मध्ये निषिद्ध ठरवली.

'त्रिंदाद' (त्रैक्याचा पोर्तुगीज शब्द) हे आडनावही गोव्यात आहे. सांग्यात जन्मलेले चित्रकार आंतोनियो शाव्हियर त्रिंदाद (१८७०–१९३५) यांच्या कन्या अँजेला (१९०९–८०) यांनी त्रिकोणांच्या रचनेवर उभारलेल्या आपल्या चित्रशैलीला 'त्रिंदादिझम' असे नाव दिले.