एकच डिपर, दोन अर्थ : महाराष्ट्रातला रस्ता आणि ब्रिटनमधला रस्ता

अमेरिकेत गाडी चालवायची म्हटली की आपला माणूस आपोआप सावध होतो. स्टिअरिंग डावीकडे, रस्ता उजवीकडे. सुरुवातीचे दिवस तो जीव मुठीत धरून चालवतो. ब्रिटनला जाणाऱ्याला अशी धास्ती नसते. स्टिअरिंग उजवीकडेच, गाडी डावीकडूनच, चौकातलं सर्कलही घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरणारं. त्यामुळे आपल्याला येतंच की, असं वाटतं. मला तरी ब्रिटनचा रस्ता याच कारणासाठी जास्त फसवा वाटतो, कारण खुणा त्याच असल्या तरी त्यांचे अर्थ बदललेले असतात.

सगळ्यात आधी डिपर. दोन्ही बाजूंना गाड्या लावलेली अरुंद गल्ली घ्या. एका वेळी एकच गाडी जाईल एवढी जागा. समोरून एक गाडी आली आणि तिनं वरचा लाइट दोनदा मारला. पुण्यात, सांगलीत, नगर रोडवर याचा अर्थ लहान मुलालाही ठाऊक असतो : मी येतोय, तू थांब. लीड्समध्ये किंवा लेस्टरमध्ये तोच लाइट म्हणतो : या, आधी तुम्ही.

आपण तिथे नवीन असताना समोरच्यानं लाइट मारला आणि आपण थांबून राहिलो, तर फार बिघडत नाही. दोघंही एकमेकांची वाट बघत उभे राहतात. धोका उलट बाजूनं आहे. सवयीनं आपणच लाइट मारला आणि पुढे निघालो, तर समोरचा त्याला आमंत्रण समजून बिनदिक्कत निघतो आणि एकाच फटीत दोन गाड्या घुसतात. तिथे वाढलेली मुलं सुट्टीत इकडे येऊन मामाची गाडी चालवतात, त्यांना तर हे बजावूनच सांगायला हवं. हायवेवर समोरच्या ट्रकनं दिलेला डिपर म्हणजे वाट देणं नव्हे.

गंमत म्हणजे ब्रिटनच्या हायवे कोडला यातलं काहीच मान्य नाही. १९३१ पासून निघणाऱ्या या नियमपुस्तिकेत लाइट मारण्याचा एकच अर्थ दिलाय : मी इथे आहे. लाइट मिळाला म्हणजे पुढे जायला सांगितलं असं कधीही गृहीत धरू नका, असंही त्यात स्पष्ट लिहिलंय. म्हणजे ‘या, तुम्ही आधी’ ही केवळ रूढी आहे. पण रस्त्यावर रोज भेटते ती रूढीच.

हॉर्नचं असंच, फक्त जास्त खोल. आपल्याकडे हॉर्न ही सूचना असते. ट्रकच्या पाठीवरचं ‘हॉर्न ओके प्लीज’ महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये बंद केलं, तरी त्यामागची समजूत गेली नाही : चालवणाऱ्यानं पुढे बघायचं, मागून येणारा आपण आलोय हे वाजवून सांगेल. घाटातल्या वळणावर ही समजूत जीव वाचवते. ब्रिटनमध्ये मात्र हॉर्न ऐकला की माणूस दचकतो, आपलं काय चुकलं ते शोधू लागतो. तिथे तो रागावणं समजला जातो. वस्तीच्या भागात रात्री साडेअकरा ते सकाळी सात हॉर्नला बंदीच आहे, आणि गाडी उभी असताना दुसऱ्या वाहनाचा धोका नसेल तर दिवसाही वाजवायचा नाही.

याचा खरा परिणाम आरशांवर होतो. मागचा वाजवणार नसेल, तर मागे कोण आहे हे बघण्याची जबाबदारी पूर्णपणे पुढच्यावर येते. भारतीय लायसन्सवर ब्रिटनमध्ये राहायला गेल्यापासून १२ महिने चालवता येतं. ते थेट बदलून मिळत नाही, लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. प्रत्यक्ष परीक्षा साधारण ४० मिनिटांची. तीत १५ पर्यंत किरकोळ चुका चालतात, गंभीर चूक एकही नाही. वीस वर्षं गाडी हाकलेल्या माणसालाही इथे स्वतःला नव्यानं वळण लावावं लागतं. लेन बदलायच्या आधी आरसा, ब्रेकच्या आधी आरसा, इंडिकेटरच्या आधी आरसा. आपल्याकडे हे काम मागच्याचा हॉर्न करत आला म्हणून ही सवय लागली नाही, असं मला वाटतं.

सर्कलचा नियम कागदावर दोन्हीकडे जवळजवळ सारखा : उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्या. ब्रिटनमध्ये हा १९६६ पासून पक्का आहे आणि तो अक्षरशः पाळला जातो. आत शिरताना थांबायचं, आत गेल्यावर थांबायचं नाही. आपल्याकडे ज्याचं नाक आधी आत त्याचा रस्ता. मग आतला थांबतो, त्याच्या मागचे थांबतात आणि बाहेर पडणाऱ्यांचीही वाट बंद होते. स्विंडन गावात १९७२ पासून एक ‘मॅजिक राउंडअबाउट’ आहे : मध्ये एक सर्कल, भोवती पाच छोटी सर्कलं, आणि मधल्या सर्कलभोवती वाहतूक उलट्या दिशेनं फिरते. चित्र पाहून डोकं गरगरतं. पण प्रत्येक छोट्या सर्कलपाशी तोच एक नियम पाळला, की गाडी बाहेर पडते.

सिग्नलपाशी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ब्रिटनमध्ये ‘फ्री लेफ्ट’ नाही. लाल म्हणजे डावीकडे वळणाऱ्यालाही लाल. आणि खरं तर आपल्याकडेही तो सरसकट नाही; तसा फलक किंवा हिरवा बाण असेल तिथेच आहे. मागचा कितीही वाजवत असला तरी.

दारूच्या बाबतीत अनेकांचा अंदाज उलटा निघतो. भारतात १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे. इंग्लंडमध्ये ती ८०, तर स्कॉटलंडमध्ये २०१४ च्या डिसेंबरपासून ५०. कायदा आपला कडक आहे.

आता हात. पुण्यात रस्ता ओलांडणारी आजी तळवा गाड्यांच्या दिशेनं धरते आणि चालू लागते. त्या हातात विनंती असते, थोडी ताकीदही. ब्रिटनमध्ये पिवळे गोळे लुकलुकणाऱ्या खांबांच्या झेब्रा क्रॉसिंगवर गाडी आधी थांबते, आणि ओलांडणारा हात वर करतो तो आभार मानायला. जानेवारी २०२२ पासून तर कोड सांगतं, की पायी चालणारा कडेला नुसता उभा असला तरी थांबावं, आणि गल्लीत वळताना ती गल्ली ओलांडायला उभा असलेल्यालाही आधी जाऊ द्यावं. दोन्ही देशांच्या रस्त्यांत मला सर्वात जास्त फरक जाणवतो तो या हातात. आपल्या आजीलाही आभारासाठी हात वर करता यावा, असं मनापासून वाटतं.

एका ठिकाणी मात्र दोन्ही रस्ते अगदी सारखे बोलतात. स्कॉटलंडच्या डोंगरात एकपदरी रस्ते आहेत, मध्ये मध्ये गाडी बाजूला घ्यायला जागा ठेवलेल्या. तिथेही चढ चढणाऱ्या गाडीला शक्यतो आधी जाऊ द्यायचं असतं. आपल्या नियमांतही तेच आहे, आणि एसटीचे जुने ड्रायव्हर ते न वाचता जाणतात. वरंधा घाटात भोरकडून महाडला उतरताना खालून लाल गाडी चढत आली, की उतरणाऱ्यानं कडेला घ्यायचं. तिची पहिल्या गिअरमधली घरघर शेजारून जाईपर्यंत थांबायचं, आणि मग ड्रायव्हरनं खिडकीतून किंचित हात वर केला की निघायचं.