एका गिटारच्या तुकड्यावरून चाळीस वर्षं: 'द पोलीस' आणि चाहत्यांमधला न मिटलेला वाद

2025 मध्ये 'द पोलीस' या ब्रिटिश रॉक बँडच्या गिटारिस्ट आणि ड्रमरने लंडनच्या हायकोर्टात आपल्याच गायकावर रॉयल्टीचा दावा लावला, तेव्हा ज्यांनी हा बँड फक्त रेडिओवर ऐकलाय त्यांना धक्का बसला. जुन्या चाहत्यांना नाही बसला. कारण 'एव्हरी ब्रेथ यू टेक' या गाण्यातल्या गिटारच्या तुकड्याचं श्रेय आणि पैसा कोणाचा, हे भांडण 1983 पासूनचं आहे, फक्त इतकी वर्षं ते मुलाखतींमध्ये, आत्मचरित्रांमध्ये आणि चाहत्यांच्या रात्ररात्र चालणाऱ्या गप्पांमध्ये होतं, आता वकिलांकडे गेलं एवढंच. बँडमध्ये तिघंच: गाणारा आणि बेस वाजवणारा स्टिंग, गिटारिस्ट अँडी समर्स आणि ड्रमर स्ट्युअर्ट कोपलँड.

सुरुवातीचं थोडक्यात. 1977 चं लंडन म्हणजे पंकचा, म्हणजे साध्या, रागीट, मुद्दाम ओबडधोबड रॉकचा जोर, आणि या तिघांना पंकवाल्यांनी कधीच आपलं मानलं नाही. गिटारिस्ट 1942 चा जन्मलेला, साठच्या दशकापासून वाजवत आलेला, गायक न्यूकासलकडे जॅझ वाजवून आलेला, ड्रमर प्रोग रॉकमधून, म्हणजे लांबलचक, गुंतागुंतीच्या रॉकमधून. केस पिवळे केले तेही 1978 मध्ये एका च्युइंग गमच्या जाहिरातीसाठी. त्यामुळे 'हे खरे नव्हेत' हा शिक्का बसला, आणि पंकनंतरच्या नव्या बँडांसाठी न्यू वेव्ह म्हणून जी मोठी छत्री पुढे उघडली त्यात ते आपोआप आले. पण त्यांचं वेगळेपण शिक्क्यात नव्हतंच, ते मोकळ्या सोडलेल्या जागेत होतं. जमैकाच्या रेगे संगीताकडून घेतलेला ऑफबीट, म्हणजे मुख्य ठोक्यांच्या मधे दिलेला जोर, बेस कमी पण नेमका, हाय-हॅटवर (ड्रमच्या जोडझांजेवर) सतत बारीक काम आणि गिटार कॉर्ड भरून टाकण्याऐवजी वरून हवेसारखी फिरवलेली. तीन माणसं आणि मधे भरपूर मोकळी जागा. यातला एक काढा, बाकी दोघांचं गाणं उरत नाही, हे माझं मत आणि ते मी लपवणार नाही.

आपल्याकडचा संबंध इथे येतो. मार्च 1980 मध्ये जपान, हाँगकाँग, ऑस्ट्रेलिया करत हा बँड मुंबईत वाजवून गेला, पुढे कैरो आणि अथेन्सला. त्या काळात पाश्चात्त्य रॉक बँड इकडे फिरकतच नव्हते, आणि कार्यक्रम भरवला होता एका महिला सेवाभावी क्लबने, कुठल्या मोठ्या प्रमोटरने नाही. त्या दौऱ्याची फिल्म निघाली त्यात मुंबई दिसते. ज्यांनी तो शो पाहिला ते लोक आज साठी-सत्तरीत आहेत आणि मुंबईच्या रॉकचा विषय निघाला की तो अजून निघतोच.

आता मूळ मुद्दा. बँडमध्ये ठरलेलं असं, की गाणं ज्याने लिहिलं त्याचं नाव. बहुतेक गाणी गायकाचीच, म्हणून नाव त्याचं आणि पब्लिशिंगचा, म्हणजे गाणं लिहिणाऱ्याला मिळणारा मोठा पैसाही त्याचा. बाकी दोघं आपली एकेक-दोन गाणी अल्बमवर बसवायला धडपडायचे कारण अल्बमवर जागा म्हणजे उत्पन्न. 1980 च्या अल्बमवर गिटारिस्टचा एक इन्स्ट्रुमेंटल, म्हणजे नुसत्या वाद्यांचा तुकडा होता, गायकाला तो इतका नापसंत की त्यावर बेस वाजवायला तो तयार नव्हता, टेप स्टुडिओमागे जमिनीत पुरून ठेवली असंही सांगतात. शेवटी बेस गिटारिस्टनेच वाजवला, आणि त्याच तुकड्याला ग्रॅमी मिळालं.

अशा वातावरणात हे तिघं 1982 च्या डिसेंबरात कॅरिबियनमधल्या मॉन्टसेराट बेटावर 'सिंक्रोनिसिटी' हा अल्बम रेकॉर्ड करायला बसले. बसले म्हणजे काय तर गिटारिस्ट स्टुडिओच्या हॉलमध्ये, गायक बेस घेऊन कंट्रोल रूममध्ये आणि ड्रमर वरच्या डायनिंग रूममध्ये, एकमेकांची तोंडं दिसणार नाहीत अशी सोय. 'एव्हरी ब्रेथ यू टेक' गायकाने त्याआधी जमैकात लिहिलेलं, डेमोमध्ये, म्हणजे आधीच्या कच्च्या रेकॉर्डिंगमध्ये, ऑर्गनचे लांब सूर धरलेले. गाणं चांगलं होतं पण त्यात बँड नव्हता. बेस आणि ड्रमवरून भांडणं होऊन होऊन ट्रॅक अगदी उघडा झाला, आणि मग गिटारिस्टला सांगण्यात आलं की जा, तुला हवं ते कर.

त्याने जे केलं ते गिटार शिकणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी करून पाहिलंय. साधा कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) न छेडता त्यात मूळ सुरापासूनचा नववा सूर घालून एकेक तार सुटी वाजवायची, उजव्या हाताचा तळवा ब्रिजजवळ, म्हणजे तारा खाली जिथे टेकतात तिथे, टेकवून आवाज दाबायचा, आणि डाव्या हाताची पहिल्या बोटापासून करंगळीपर्यंत पाच फ्रेट, म्हणजे गिटारच्या दांड्यावरची पाच घरं, इतकी ताणाताण. दोन मिनिटांत मनगट दुखायला लागतं. ही आकृती त्याला बार्टोक या हंगेरियन संगीतकाराच्या दोन व्हायोलिनच्या तुकड्यांवरून सुचली, त्या दिवसांत तो तसलं काही दुसऱ्या एका गिटारिस्टबरोबर करत होता. म्हणजे हे सहज हात फिरवून आलेलं नाही, त्यामागे वीस वर्षांचं वाजवणं आहे. गाणं अमेरिकेत सलग 8 आठवडे पहिल्या नंबरवर राहिलं. क्रेडिटमध्ये नाव एकच.

इथेच चाहते दोन गटांत पडले ते आजतागायत. एक गट म्हणतो गाणं म्हणजे चाल आणि शब्द, गिटारिस्टने अरेंजमेंट केली, म्हणजे गाण्याभोवतीची वाद्यरचना, तेच त्याचं काम, बेसवाल्याने किंवा ड्रमरने काही सुंदर वाजवलं म्हणून तो संगीतकार होत नाही. कायद्यात आणि धंद्याच्या रीतीतही बराच काळ हेच चालत आलंय, आपल्याकडे हिंदी सिनेमात गोव्याच्या अरेंजर मंडळींनी काय काय केलं आणि पडद्यावर नाव कोणाचं आलं हे आठवलं की कळेल. दुसरा गट म्हणतो की लोक ते गाणं ओळखतात कशावरून? पहिल्या दोन सेकंदांवरून, गायकाने तोंड उघडायच्या आधीच. मी या दुसऱ्या गटातला. आणि हे काही नुसतं भावनेचं बोलणं नाही, आर.ई.एम. किंवा यूटूसारख्या बँडनी संगीताचं क्रेडिट सगळ्यांत वाटून घेतलं आणि जास्त टिकले. शिवाय इंग्लंडच्या कायद्यातही दार बंद नाहीये, 'अ व्हाइटर शेड ऑफ पेल' या 1967 च्या गाण्यातल्या ऑर्गनच्या सुरावटीसाठी तिच्या वादकाला सह-संगीतकार मानलं गेलं आणि 2009 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, त्यावर शिक्कामोर्तब केलं. चाळीस वर्षं उशिरा आला म्हणून त्याला हाकललं नाही.

वाद खरा चिघळला 1997 मध्ये. न्यूयॉर्कच्या पफ डॅडी या रॅपरने मारल्या गेलेल्या मित्राच्या आठवणीत गाणं काढलं आणि त्यात खाली सुरू राहते ती तीच गिटार, जशीच्या तशी उचललेली. वर कोरसमध्ये मूळ चालही आहे, ते मान्य, म्हणून गायकाचा हक्क होताच. पण 11 आठवडे नंबर एकवर राहिलेल्या त्या गाण्याचा पब्लिशिंगचा पैसा गेला मूळ लेखकाकडे, आणि ज्याच्या बोटांतून तो तुकडा आला त्याने पुढे मुलाखतींमधून उघड संताप व्यक्त केला. त्या वर्षीच्या मोठ्या टीव्ही सोहळ्यात रॅपरबरोबर स्टेजवर गायक होता, बाकी दोघं नव्हते. ती क्लिप बघताना अजूनही कसंतरी होतं.

मधल्या काळात बँड कधीच संपला होता. 1986 मध्ये एकदा परत जुळवायचा प्रयत्न झाला पण ड्रमर घोड्यावरून पडला, गळ्याजवळचं हाड मोडलं, वाजवता येईना, तेव्हा ड्रम कुठल्या मशीनवर प्रोग्रॅम करायचे यावरून तो आणि गायक भांडत बसले आणि बाहेर पडलं ते एका जुन्या गाण्याचं नवं व्हर्जन. मॉन्टसेराटचा स्टुडिओ 1989 च्या चक्रीवादळात मोडला. 2007-08 चा रीयुनियन दौरा व्हँकूवरपासून न्यूयॉर्कपर्यंत दीडशेच्या आसपास शो आणि 36 कोटी डॉलरच्या घरात कमाई, तरी बऱ्याच गाण्यांची पट्टी खाली आणलेली होती यावर जुने चाहते नाराज होते. मला वाटतं त्यांनी ऐकायचं होतं ते पट्टी नव्हे, तिघं एकमेकांकडे बघत वाजवत होते ते.

बँडचा वारसा सगळ्यात जिवंत राहिला तो दक्षिण अमेरिकेत, आणि याबद्दल इंग्रजीत फारच कमी बोललं जातं. डिसेंबर 1980 मध्ये ब्युनोस आयर्सला, लष्करी राजवटीत, एका पोरीला मारणाऱ्या पोलिसाला गिटारिस्टने स्टेजवरून लाथ घातली. अर्जेंटिनाचा सोडा स्टिरिओ आणि ब्राझीलचा परालामास, दोन्ही तीन-तीन जणांचे बँड, याच साच्यातून वर आले आणि आपापल्या देशात प्रचंड मोठे झाले. परालामासचा ड्रमर पुढे याच गिटारिस्टबरोबर जुनी गाणी वाजवत दौरे करू लागला. म्हणजे चाहता बँडमध्येच आला.

2022 मध्ये गायकाने आपल्या सगळ्या गाण्यांचे हक्क एका बड्या म्युझिक कंपनीला विकले. 2024 मध्ये 'सिंक्रोनिसिटी'चा मोठा बॉक्स सेट निघाला, त्यात मूळ डेमो आले आणि पहिल्यांदाच सगळ्यांना अधिकृतपणे ऑर्गनवालं 'एव्हरी ब्रेथ' आणि तयार झालेलं गाणं शेजारी ठेवून ऐकता आलं. एक गट म्हणाला बघा, चाल तर पूर्ण आहे. दुसरा म्हणाला बघा, गिटार नाहीच आहे. पुढच्याच वर्षी दावा लागला. त्यातही गंमत अशी की कोर्टात प्रश्न गाणं कोणाचं हा नाहीच आहे, अरेंजिंगचा म्हणून जो वाटा बाकी दोघांना द्यायचं ठरलं होतं तो स्ट्रीमिंगच्या पैशाला लागू होतो का, करार कसा वाचायचा, एवढाच आहे. क्रेडिटचा प्रश्न, ज्यावर चाहते चाळीस वर्षं बोलतायत, तो त्या कागदांत कुठेच नाही, आणि 1983 च्या रेकॉर्डवर लेखक म्हणून नाव अजून एकाच माणसाचं आहे.