चार अणूंची अट

डिजिटल कॅमेऱ्यावर हात बसलेला माणूस फिल्मकडे वळला की बहुतेक वेळा एकाच ठिकाणी फसतो. आकाश पांढरंफटक होऊ नये म्हणून तो एक्स्पोजर, म्हणजे आत येणारा उजेड, जरा कमी ठेवतो. सावल्या काय, नंतर उचलता येतील! सेन्सरच्या बाबतीत हे बरोबरच आहे. कलर निगेटिव्हचं गणित मात्र उलटं. तिथे हायलाइट, म्हणजे उजळ भाग, सहसा निभावतात आणि सावल्या गेल्या की गेल्या. असं का, हे कळायला फिल्मवरच्या सिल्व्हर हॅलाइड या प्रकाशसंवेदी चांदीच्या क्षाराच्या एका स्फटिकात डोकवावं लागतं, आणि मला तर तेवढं निमित्तच पुरतं.

फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, स्फटिकात शिरला की एक इलेक्ट्रॉन मोकळा होतो, भटकतो आणि स्फटिकातल्या एखाद्या दोषापाशी अडकतो. त्याच्या ऋणभाराकडे चांदीचा आयन ओढला जातो आणि चांदीचा एक अणू तयार होतो. गर्नी आणि मॉट या भौतिकशास्त्रज्ञांनी 1938 साली मांडलेलं हे चित्र दुरुस्त्यांसह अजून टिकून आहे. गंमत पुढे आहे. हा एकटा अणू अस्थिर असतो. दुसरा इलेक्ट्रॉन वेळेत आला नाही तर तो मोडतो. दोन अणूंची जोडी तग धरते, पण डेव्हलपरच्या, म्हणजे फिल्म धुताना चित्र उमटवणाऱ्या रसायनाच्या, लेखी ती नसल्यात जमा. साधारण चार अणू एकत्र आले तरच डेव्हलपर त्या स्फटिकाला हात घालतो, आणि मग अब्जावधी आयनांचा अख्खा स्फटिक चांदी होऊन जातो. दोनवर अडकलेला स्फटिक पुढे फिक्सर या उरलेले स्फटिक काढणाऱ्या रसायनात विरघळतो. तिथे थोडासा उजेड पडला होता, याचा पुरावाही उरत नाही. म्हणून अशी सावली स्कॅनमध्ये उचलली की तपशील येत नाहीत, ग्रेन, म्हणजे चित्रातला दाणेदारपणा, येतो. डेव्हलपिंग वाढवून फिल्म ‘पुश’ केली तरी कॉन्ट्रास्ट वाढतो, सावलीत फारसं काही हाती लागत नाही.

जास्त उजेडाकडे मात्र ऐसपैस जागा असते. प्रत्येक रंगाच्या थरात मोठे, संवेदनशील स्फटिक असतात, तसे लहान, मंदही असतात. मोठ्यांची अट आधी पूर्ण होते. उजेड वाढला की लहान कामाला लागतात. कलर निगेटिव्ह धुण्याच्या सी-41 प्रक्रियेत शेवटी सगळी चांदी काढून टाकली जाते आणि रंगद्रव्याचे बारीक ढग तेवढे उरतात. भरपूर एक्स्पोजर मिळालेल्या भागात हे ढग एकमेकांवर चढतात, त्यामुळे ग्रेन उलट कमी जाणवतो.

मीडियम फॉरमॅटमध्ये, म्हणजे 35 एमएमपेक्षा मोठ्या फिल्मच्या कॅमेऱ्यात, उजेडाची ओढाताण जास्त. 80 एमएमच्या लेन्सला डेप्थ ऑफ फील्ड (स्पष्ट दिसणारी खोली) कमी, म्हणून आपण लेन्सचं छिद्र लहान करून एफ 8 किंवा 11 वर जातो. कॅमेऱ्यातला मोठा आरसा आदळतो, म्हणून हातात धरून शटर 1/125 सेकंदाहून संथ करायला मन धजत नाही. मग बळी जातो तो सावल्यांचा. माझं मत सरळ आहे: 400 ची (आयएसओ 400, म्हणजे जास्त संवेदनशील) फिल्म घाला. 30 सेंटीमीटरच्या चौकोनी प्रिंटसाठी 35 एमएमची 24 मिलिमीटरची बाजू साडेबारा पट मोठी करावी लागते, मीडियम फॉरमॅटच्या 6x6 चौकटीची 56 मिलिमीटरची बाजू साडेपाच पटही नाही. ग्रेनची धास्ती कशाला?

उजेड मोजणाऱ्या मीटरवर मात्र 200 लावा, म्हणजे फिल्मला एक स्टॉप (दुप्पट) जास्त उजेड मिळेल. इन्सिडंट मीटर (विषयावर पडणारा उजेड मोजणारा) असेल तर माणसाच्या हनुवटीपाशी, सावलीच्या बाजूला धरून त्याची पांढरी घुमटी कॅमेऱ्याकडे करा. एफ 5.6 ला 1/250 आलं आणि एफ 8 हवं असेल, तर 1/125. झालं. स्पॉट मीटरने (छोट्या भागातून परत येणारा उजेड मोजणाऱ्या) सावली मोजत असाल तर सावध राहा: मीटर तिला मध्यम करडी समजतो, तेव्हा आकड्यापेक्षा एक-दोन स्टॉप कमी द्या. 200 लावायचं, सावलीत मोजायचं आणि वर ‘असू दे’ म्हणून आणखी दोन स्टॉप वाढवायचे, असंही काही जण करतात. फिल्म सोसते, स्कॅनर त्या दाट निगेटिव्हशी झगडत बसतो.

तीन स्टॉप ओव्हर मारलं की आपोआप स्वप्नवत पेस्टल रंग येतात, ही सध्याची अंधश्रद्धा. ते रंग बरेचसे स्कॅन करणाऱ्याच्या हातात असतात. निगेटिव्ह तीच, माणूस बदलला की पेस्टल गायब!

उलट जिथे जास्त एक्स्पोजर खरंच लागतं, तिथे कुणी देत नाही. डेलाइट (दिवसाच्या उजेडासाठी बनवलेल्या) फिल्मवर पिवळ्या बल्बच्या उजेडात निळा प्रकाश तुटपुंजा असतो. मीटर एकूण उजेड मोजतो, पण निळ्याला संवेदनशील असलेला थर उपाशी राहतो आणि सावल्यांना असा रंग चढतो, की तो काढायला गेलं तर हायलाइट बिघडतात. इथे किमान एक स्टॉप जादा द्या. संध्याकाळी ट्रायपॉडवर मीटरने काही सेकंद सांगितले, तर त्याहून जास्त वेळ शटर उघडं ठेवा. उजेड इतका सावकाश येतो, की पहिला अणू जोडीदार येण्याआधीच मोडून जातो. किती जास्त, हे प्रत्येक फिल्मचं वेगळं असतं. ते उत्पादकाच्या माहितीपत्रकात पाहावं.