चतुष्फलक जाळीची गुणवत्तासुधारणा

त्रिमितीय वस्तूचे चतुष्फलकांत, म्हणजे चार त्रिकोणी फलकांच्या घनाकृतींत, विभाजन करून जाळी बनवल्यावर तिच्यातील बिघडलेल्या आकाराचे घटक दुरुस्त करण्याची प्रक्रिया. शिरोबिंदू सरकवणे, त्यांची आपसांतील जोडणी बदलणे आणि गरजेनुसार बिंदू वाढवणे किंवा काढणे, हे तिचे मार्ग होत. फायनाइट एलिमेंट आणि फायनाइट व्हॉल्यूम (वस्तूचे लहान तुकडे पाडून त्यांवर समीकरणे सोडवण्याच्या) पद्धतींनी ताण, उष्णतावहन, द्रवप्रवाह वगैरेंचे सिम्युलेशन करण्यापूर्वी ती वापरतात.

लाखो घटकांच्या जाळीत मोजकेच घटक वाईट असले, तरी सगळी आकडेमोड अडते. दोन फलकांमधला कोन (द्वितल कोन) 180° च्या जवळ गेला की सोडवलेल्या राशीच्या उताराचे मूल्य भलतेच चुकू शकते. कोन फार लहान झाले तर स्टिफनेस मॅट्रिक्सचा (सोडवायच्या समीकरणांतील सहगुणकांच्या सारणीचा) कंडिशन नंबर, म्हणजे छोट्या चुकांनी उत्तर किती बिघडते याचे माप, वाढतो आणि पुनरावृत्तीने समीकरणे सोडवणारे सॉफ्टवेअर रेंगाळते. एक्सप्लिसिट पद्धतीत (पुढच्या क्षणाची स्थिती थेट आधीच्या क्षणावरून काढतात तिच्यात) काळाची पायरी सर्वांत लहान उंचीच्या घटकावरून ठरते, त्यामुळे एका चपट्या चतुष्फलकापायी संपूर्ण गणन मंदावते. म्हणून जाळीचा सरासरी दर्जा फसवा असतो. पाहायचा तो सर्वांत वाईट घटक.

या वाईट घटकांत स्लिव्हर, म्हणजे कडा ठीक पण जवळजवळ सपाट असलेला चतुष्फलक, सर्वांत चिवट. समजा, 1 एकक बाजूच्या चौरसाचे चार कोपरे घेतले आणि एका कर्णाची दोन्ही टोके फक्त 0.01 एकक वर उचलली. तयार झालेल्या चतुष्फलकाच्या कडा 1 ते 1.41 एककांच्या, म्हणजे निर्दोष. परिगोलाची (चारही शिरोबिंदूंतून जाणाऱ्या गोलाची) त्रिज्या भागिले सर्वांत लहान कड हे गुणोत्तर 0.71, नियमित चतुष्फलकात ते 0.61 असते, म्हणजे तिथेही तक्रारीला जागा नाही. पण घनफळ तेवढ्याच बाजूच्या नियमित चतुष्फलकाच्या सुमारे पस्तिसाव्या भागाइतके उरते, कर्णांवरचे द्वितल कोन 178° च्या पुढे जातात आणि बाजूंवरचे जेमतेम 1° भरतात. द्विमितीत दिलेल्या बिंदूंसाठी डेलोने त्रिकोणीकरण (कोणत्याही त्रिकोणाच्या परिवर्तुळाच्या आत दुसरा बिंदू येणार नाही अशी जोडणी) सर्वांत लहान कोन शक्य तितका मोठा ठेवते. त्रिमितीत ही हमी नाही, आणि स्लिव्हर तिथूनच शिरतात. त्यामुळे गुणवत्ता मोजताना लघुतम द्वितल कोन, अंतर्गोल (चारही फलकांना आतून स्पर्श करणारा गोल) व परिगोल यांच्या त्रिज्यांचे गुणोत्तर किंवा घनफळ आणि कडांच्या लांबीचा घन यांचे गुणोत्तर घेतात. यांतले प्रत्येक माप स्लिव्हर पकडते.

परिपूर्ण जाळी मात्र मिळत नाही. नियमित चतुष्फलकाचा द्वितल कोन सुमारे 70.53°, एका कडेभोवती असे पाच बसवले तर 7.36° ची फट राहते आणि सहावा मावत नाही.

शिरोबिंदू सरकवण्याच्या क्रियेला स्मूदिंग म्हणतात. लाप्लास स्मूदिंगमध्ये बिंदू त्याच्या शेजाऱ्यांच्या सरासरी स्थानी नेतात. ते स्वस्त आहे, पण त्रिमितीत बेभरवशाचे : भोवतालचा प्रदेश अवतल असेल तर घटक उलटे होऊन घनफळ ऋण होते. बिंदूभोवतीच्या सर्वांत वाईट घटकाचा दर्जा वाढेल असे स्थान इष्टतमीकरणाने शोधणे अधिक खात्रीचे.

बिंदू जागचे न हलवता जोडणी बदलणे हा दुसरा मार्ग. एकाच फलकावर टेकलेल्या दोन चतुष्फलकांच्या जागी तीन आणणे, किंवा उलट, हा सर्वांत साधा फ्लिप. कड काढून टाकण्याची क्रिया अधिक प्रभावी असते : एका आतल्या कडेभोवती n चतुष्फलक असतील तर त्यांच्या जागी 2n−4 येतात, आणि ते कसे लावायचे याचे पर्याय n = 5 असताना 5, n = 6 ला 14, n = 7 ला 42. त्यांतला उत्तम पर्याय डायनॅमिक प्रोग्रॅमिंगने (लहान उपप्रश्नांची उत्तरे साठवून मोठा प्रश्न सोडवण्याच्या रीतीने) निवडता येतो.

लोरी फ्रेटॅग आणि कार्ल ऑलिव्हिए-गूच यांनी 1997 मध्ये या दोन्ही मार्गांचा एकत्र अभ्यास मांडला. ब्रायन क्लिंगनर आणि जोनाथन श्युचक यांनी 2007 मध्ये त्यांना नवे बिंदू घालण्याची जोड दिली. तिन्ही क्रिया आलटून पालटून चालवल्यावर बहुतेक जाळ्यांतले सर्व द्वितल कोन 31° ते 149° च्या दरम्यान आले. एका क्रियेने अडकलेली जाळी दुसरीने मोकळी होते, हे त्यामागचे खरे बळ. त्यांपैकी कोणत्याही दोनच क्रियांनी हा दर्जा गाठता आला नाही. वेळ मात्र बराच लागतो.

वस्तूच्या पृष्ठभागावरचे बिंदू मनमानी हलवता येत नाहीत, नाहीतर आकारच बदलतो. दोन पदार्थांमधल्या सीमेलाही हाच नियम. मूळ वस्तूतच 5° ची धारदार पाचर असेल तर त्या कडेवरचा कोन कोणत्याही उपायाने वाढत नाही. उलट भिंतीलगतच्या प्रवाहाच्या पातळ थरात लांबट, चपटे घटक मुद्दाम हवे असतात, कारण तिथे वेग भिंतीच्या लंब दिशेने झपाट्याने बदलतो. अशा ठिकाणी दर्जा नेहमीच्या अंतराने न मोजता दिशेनुसार बदलणाऱ्या मेट्रिकने (अंतर मोजण्याच्या नियमाने) मोजतात.