एका सेकंदात ठरलेली लायकी

प्रिन्स्टन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर तोदोरोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. अमेरिकी सिनेटच्या निवडणुकीत आमनेसामने लढलेल्या दोघांचे फोटो दाखवायचे आणि विचारायचं, यांतला जास्त कर्तबगार कोण वाटतो? नाव नाही, पक्ष नाही, चेहरा ओळखीचा निघाला तर ते उत्तर बाद. तरीही सुमारे ७० टक्के लढतींत लोकांनी कर्तबगार ठरवलेला चेहराच जिंकलेला होता. फोटो जेमतेम एक सेकंद दिसला तरी अंदाज फारसा हुकत नव्हता.

२००९ साली स्वित्झर्लंडमधल्या ५ ते १३ वर्षांच्या मुलांना फ्रान्सच्या संसदीय निवडणुकीतले उमेदवार असेच दाखवले. मुलं आधी ग्रीक पुराणकथेतल्या, ट्रॉयहून इथाकाला निघालेल्या जहाजाचा खेळ खेळली होती. प्रश्न एवढाच होता की, तुमच्या जहाजाचा कप्तान कोण? मुलांनी निवडलेले कप्तान बहुतेक वेळा निवडणूक जिंकलेलेच निघाले! ज्यांना मतदान म्हणजे काय हेही धड ठाऊक नाही, त्यांची निवड मोठ्यांच्या निवडीशी जुळावी, याचा मला आजही धक्का बसतो.

चेहऱ्यावरून मत बनवायला मेंदूला सेकंदाचा दहावा भागही पुरतो, असं २००६ मध्ये दिसून आलं. जास्त वेळ दिला तर मत फारसं बदलत नाही, त्यावरचा विश्वास तेवढा वाढतो.

पण दिसतं तसं नसतं. १९२० साली अमेरिकेचे अध्यक्ष म्हणून निवडून आलेले वॉरन हार्डिंग अगदी राजबिंडे होते. त्यांना ६० टक्के मतं पडली. पुढे सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या खात्याच्या त्यांच्याच मंत्र्याने, अल्बर्ट फॉल यांनी, नौदलाच्या राखीव तेलसाठ्यांचे करार लाच घेऊन दिले आणि त्यासाठी तुरुंगवास भोगला.

मग अनुभव बघावा का? जेम्स ब्यूकॅनन खासदार, राजदूत, परराष्ट्रमंत्री, सगळं होऊन अध्यक्ष झाले आणि देश फुटताना हतबल राहिले. त्यांच्यानंतर आलेल्या लिंकन यांच्या गाठीशी राष्ट्रीय पातळीवर प्रतिनिधिगृहातली, म्हणजे अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहातली, अवघी एक मुदत होती. म्हणून पदांची यादी मोजण्यापेक्षा त्या पदावर बसून माणसाने काय केलं, ते तपासलं पाहिजे.

तशी माहिती हातात पडली तर मतदार ती वापरतात. २००८ च्या दिल्ली विधानसभा निवडणुकीआधी काही झोपडपट्ट्यांत आमदारांची प्रगतिपुस्तकं वर्तमानपत्रातून वाटली होती. सभागृहातली हजेरी, आमदार निधीचा खर्च, सोबत उमेदवारांचं शिक्षण, मालमत्ता आणि गुन्हे. तिथे मतदान वाढलं आणि चांगलं काम केलेल्या आमदारांना जास्त मतं मिळाली.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालामुळे प्रत्येक उमेदवाराला शपथपत्र द्यावं लागतं. त्याच्या ठरलेल्या अर्जात, म्हणजे नमुना २६ मध्ये, प्रलंबित खटले, झालेल्या शिक्षा, मालमत्ता, कर्ज, सरकारी थकबाकी, शिक्षण, सगळं येतं आणि निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते कुणालाही वाचता येतं. अर्ज भरल्यापासून मतदानापर्यंतच्या दिवसांत ते उघडून खटल्यांचा रकाना वाचायला दहा मिनिटं लागतात. मात्र पुन्हा उभ्या राहिलेल्या आमदाराची हजेरी, त्याने विचारलेले प्रश्न, खर्च न झालेला निधी यांना त्यात जागाच नाही. माझ्या मते या कामगिरीचा रकानाही कायद्याने त्याच कागदावर यायला हवा.