पिक्सीजेएस आणि फेझर: चित्र काढणारा कोण, खेळ चालवणारा कोण

ब्राउझरमध्ये द्विमितीय खेळ किंवा बोट लावताच हलणारी चित्रं करायची म्हटली की पिक्सीजेएस (थोडक्यात पिक्सी) आणि फेझर या जावास्क्रिप्टच्या साधनांची नावं जोडीनेच समोर येतात. दोन्ही मोफत आहेत, दोन्ही एमआयटी या मुक्त परवान्याखाली आहेत, दोन्हींची सुरुवात २०१३ मधली आणि दोन्ही शेवटी एका कॅनव्हासवर (पानातल्या चित्र काढायच्या चौकोनावर) वेबजीएलने, म्हणजे ग्राफिक्स कार्ड वापरणाऱ्या ब्राउझरच्या सोयीने, चित्र उमटवतात. त्यातून फेझर २ च्या पोटात चित्र काढायचं काम पिक्सीच करत होतं. २०१८ मध्ये आलेल्या फेझर ३ ने स्वतःचा रेंडरर, म्हणजे चित्र रंगवणारा भाग, लिहिला आणि ते नातं संपलं. जुने धडे मात्र अजून सापडतात, आणि ते वाचून फेझर म्हणजे पिक्सीचीच मोठी आवृत्ती असा समज होतो. तो आता चुकीचा आहे.

पिक्सी हा रेंडरर आहे. टेक्स्चर (लोड केलेलं चित्र) द्या, त्याचे स्प्राइट (पडद्यावर हलवता येणारी चित्रं) करा, ते कंटेनरमध्ये, म्हणजे गटांमध्ये, एकात एक बसवा. ही सगळी रचना दर फ्रेमला वेगाने रंगवणं हे त्याचं काम. फिल्टर, मास्क (चित्राचा ठरावीक भागच दाखवणं) आणि क्लिक ओळखणं त्यात आहे. टक्कर, कॅमेरा, आवाज, पातळ्या यांतलं मूळ पॅकेजमध्ये काहीही नाही. फेझर ही खेळाची चौकट आहे. प्रत्येक सीनला (मेनू, पातळी अशा टप्प्याला) प्रीलोड (फाइली आणणं), क्रिएट (मांडणी) आणि अपडेट (दर फ्रेमचं काम) ही फंक्शन्स असतात आणि ती कधी बोलवायची हे फेझर ठरवतो. दोन फिजिक्स इंजिनं, टाइल्ड या संपादकात बनवलेले नकाशे वाचायची सोय, पात्रामागे फिरणारा कॅमेरा, आवाज, कीबोर्ड, गेमपॅड हे सगळं सोबत येतं. म्हणूनच फेझरची मिनिफाय केलेली (अनावश्यक अक्षरं काढून लहान केलेली) फाइलही साधारण एक मेगाबाइटची असते.

खरा त्रास होतो तो एकीकडचा कोड दुसरीकडे चिकटवल्यावर. सगळ्यात फसवा शब्द डेल्टा. पिक्सीच्या टिकरमधला (दर फ्रेमला तुमचं फंक्शन बोलवणाऱ्या घड्याळातला) डेल्टाटाइम हा गुणक आहे: सेकंदाला ६० फ्रेम असतील तर तो १ असतो, १४४ हर्ट्झच्या पडद्यावर सुमारे ०.४२. फेझरच्या अपडेटला मिळणारा डेल्टा मात्र मिलिसेकंदांत असतो, म्हणजे ६० फ्रेमला सुमारे १६.७. पिक्सीतली 'वेग गुणिले डेल्टा' ही ओळ तशीच फेझरमध्ये टाकली तर पात्र जवळपास सतरा पट वेगाने पळतं आणि पडद्याबाहेर जातं. फेझरच्या आर्केड या साध्या फिजिक्स इंजिनात वेग सेकंदाला इतके पिक्सेल असा दिलेला असतो. तिथे डेल्टाने गुणायचंच नाही, ते इंजिन स्वतः करतं.

दुसरी जागा म्हणजे मूळ बिंदू. पिक्सीच्या स्प्राइटचा अँकर मुळात वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो, फेझरच्या स्प्राइटचा ओरिजिन मध्यभागी. त्यामुळे तेच आकडे दिले तरी चित्र अर्ध्या रुंदीने आणि अर्ध्या उंचीने सरकलेलं दिसतं, आणि पिक्सीत ते फिरवलं की कोपऱ्याभोवती गरगरतं. फेझरमध्येही टेक्स्टचा ओरिजिन वर डावीकडेच असतो, हे विसरलं की बटणावरची अक्षरं बटणाच्या मधोमध बसत नाहीत.

पिक्सीच्या आवृत्त्यांमध्येही खड्डे आहेत. २०२४ मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीत ॲप्लिकेशन तयार करून झाल्यावर इनिट (सुरुवातीची तयारी करणारं फंक्शन) वेगळं बोलवावं लागतं, आणि त्याआधी अवेट (काम पूर्ण होईपर्यंत थांबायची सूचना) लागतं. ते राहिलं तर रेंडरर तयार व्हायच्या आत तुम्ही कॅनव्हास मागता आणि एरर येते. टिकरच्या फंक्शनला पूर्वी आकडा मिळायचा, आता टिकर हे ऑब्जेक्ट मिळतं. जुन्या ओळीत ते गुणलं गेलं की स्थान 'नॅन' (म्हणजे 'आकडाच नाही') होतं आणि स्प्राइट एकही एरर न देता गायब होतो. शिवाय स्प्राइट डॉट फ्रॉमला फाइलचा पत्ता देऊन आता चित्र लोड होत नाही. आधी ॲसेट्स डॉट लोड पूर्ण व्हायला हवं. फेझरमध्ये याच गफलतीचं रूप वेगळं दिसतं. न मिळालेल्या टेक्स्चरच्या जागी हिरव्या कडेची, तिरप्या रेघेची काळी चौकट येते. अनेकदा लोडची ओळ प्रीलोडऐवजी क्रिएटमध्ये लिहिलेली असते. तिथे लोडर स्वतः सुरू करावा लागतो. आणि दोन्हींसाठी एक गोष्ट सारखीच: एचटीएमएल फाइल डबलक्लिक करून उघडू नका. ब्राउझर शेजारची चित्रं अडवतो, म्हणून लोकल सर्व्हर (स्वतःच्याच संगणकावरचा) चालवा.

फेझरमध्ये फिजिक्स आहे एवढ्यावर मात्र विसंबू नये. आर्केडमधली बॉडी (टक्कर मोजायचा आकार) फक्त आडवा-उभा आयत किंवा वर्तुळ असते. स्प्राइट ४५ अंशांत फिरवला तरी टक्करीचा आयत सरळच राहतो. उतार किंवा कलंडणारी खोकी हवी असतील तर मॅटर हे दुसरं इंजिन निवडा. आर्केड मुळात सेकंदाला ६० पावलं टाकतो. ३००० पिक्सेल वेगाची गोळी एका पावलात ५० पिक्सेल जाते आणि १६ पिक्सेलची भिंत सहज ओलांडते. भिंत जाड करा किंवा वेग कमी करा.

माझं मत: रिॲक्ट या लायब्ररीने बनवलेल्या पानात बसणारा आलेख, उत्पादनाचं हलतं चित्र, हजारो ठिपक्यांचा नकाशा यांसाठी पिक्सीच घ्या, तिथे फेझरची निम्मी यंत्रणा निष्क्रिय पडून राहते. पण पिक्सीत तुम्ही आयतांची टक्कर तपासायला स्वतःचं फंक्शन लिहिलंत, मग पात्रामागे सरकण्यासाठी सगळा कंटेनर उलट्या दिशेला हलवलात, आणि आता 'मेनू' व 'खेळ' असे दोन कंटेनर लपवत-दाखवत आहात, तर तुम्ही फेझरच नव्याने लिहीत आहात. तेव्हा चित्रं आणि नकाशे तसेच ठेवून कोड फेझरच्या सीनमध्ये हलवा, आणि हलवताना आधी प्रत्येक डेल्टा व अँकर शोधून दुरुस्त करा.